चूक खोलीची

माझ्या भावोजींनी उभ्या आयुष्यात कुठल्याही माणसाला दोष दिला नाही. दोष द्यायचा तर खोलीला. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार चिखले, धंदा दागिन्यांचे डाय कोरण्याचा. कोणी नापास झालं, कोणाची सोयरीक मोडली, कोणी भरल्या ताटावरून उठून गेलं, की सगळे त्या माणसाचं काय चुकलं ते उकरायला बसायचे आणि भावोजी शांतपणे विचारायचे, "हे झालं तेव्हा खिडकी उघडी होती का?" माझा मुलगा सातवीत गणितात आपटला तेव्हा मी त्याला बडवायच्या तयारीत होते. भावोजी चिखल्याहून खास आशागडला आले, त्याच्या शाळेत जाऊन वर्ग बघून आले आणि मलाच झापलं. "वर पत्रा, खिडक्यांना बाहेरून फळ्या मारलेल्या, आणि आत साठ पोरं. तिथं मला बसवलं तर मला माझं नाव आठवायचं नाही गं. पोराला कसली मारतेस?" मुख्याध्यापकांशी त्यांचं कडाक्याचं भांडण व्हायच्या बेतात होतं म्हणे, पण भावोजींनी त्यांना केबिनमधून बाहेर ओट्यावर काढलं आणि तिथे दोघांनी चहा घेतला. "माणूस चांगला आहे," भावोजी म्हणाले, "केबिन वाईट आहे." फळ्या काही निघाल्या नाहीत. मुलाचं गणित मात्र भावोजींनी उन्हाळ्यात आपल्या पडवीत बसवून पक्कं करून घेतलं, ते अजून पक्कं आहे.

ताईला बघायला आले तेव्हापासूनच हे असं. आमच्या आईने पोह्यांची बशी पुढे केली आणि मुलगा उठून उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, नकार. तर हा गृहस्थ माजघराच्या खिडकीशी गेला, आईने धुळीसाठी लावलेलं कापड काढून घडी घालून कट्ट्यावर ठेवलं, खिडकी सताड उघडली आणि परत येऊन म्हणाला, "आता बोलू. मघाशी मी हो म्हटलं असतं तर ते खरं धरू नये." वडील दोन दिवस फणफणत होते, की मुलगा मुलीकडे बघायच्या आधी आमच्या भिंती बघतो. ताईला मात्र हसू आवरत नव्हतं. लग्नानंतर तिचं हसू बरंच कमी झालं, कारण या माणसाबरोबर कुठेही गेलं की आधी बसायच्या जागेचा वाद. लग्नाच्या हॉलमध्ये दाराजवळची खुर्ची, सत्यनारायणाला ओटी, आणि कोणाकडे समाचाराला गेलं तरी रडणाऱ्या बायकांच्या मधून वाट काढत हे पहिल्यांदा तावदान उघडायचे. ताई शरमेने लाल व्हायची. पण एकदा एका म्हाताऱ्या बाईने तिला नंतर सांगितलं, की त्या दिवशी घरात पहिल्यांदा मला नीट रडता आलं.

त्यांच्या खिशात अगरबत्तीचा पुडा आणि काडेपेटी कायम असायची, आणि विडी तर ते ओढत नव्हते. नव्या जागी गेले की कोपऱ्यात एक काडी पेटवायची आणि धुराकडे टक लावून बघायचं. धूर वाकडा झाला, पांगला, दाराकडे निघाला तर भावोजी खूश. धूर सरळसोट वर गेला आणि छताखाली थिजला, की मान हलवून म्हणायचे, "मेलेली खोली." डहाणूतल्या एका कचेरीत त्यांनी असं केलं तेव्हा रांगेतल्या लोकांनी चपला काढून हात जोडले होते. एका बाईने भक्तिभावाने विचारलं, "कोणत्या देवाची, काका?" भावोजी म्हणाले, "देवाची नाही बाई, साहेबांच्या डोक्याची." साहेबांनी हाकलून दिलं. भावोजी बाहेर येऊन म्हणाले, की त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, त्या खोलीत दुसरं काय सुचणार.

आम्ही हसायचो. पण हा माणूस नुसता चक्रम असता तर कोणी ऐकून घेतलं नसतं. तो कारागीर होता. आमच्या किनाऱ्यावर घराघरात डाय कोरतात. डाय म्हणजे पोलादाच्या ठोकळ्यात कोरलेलं दागिन्याचं उलटं रूप. सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाब देतो, तेव्हा नक्षी सुलटी उमटते. म्हणजे कोरणाऱ्याने डावं ते उजवं आणि उंच ते खोल असं दिवसभर डोक्यात धरून बसायचं. कागदावरचं चित्र डोळ्यांना सुलटं दिसत असतं आणि हाताने मात्र ते उलटं करत जायचं. भावोजी हे इतक्या सहज करायचे, की किराणा दुकानदाराशी भावावरून हुज्जत घालता घालता इकडे मोराचा पिसारा पुरा व्हायचा. पडवीत त्यांची बैठक ठरलेली नव्हती. सकाळी वारा वाडीकडून येतो म्हणून पूर्वेच्या खांबाशी, दुपारी समुद्राकडून फिरला की ठोकळा, भिंग, छिन्न्यांचा डबा उचलून पश्चिमेला. "हाताला काय कळतं? डोकं सांगतं ते तो करतो. आणि डोकं वाऱ्यावर चालतं," हे त्यांचं म्हणणं. त्या पडवीत बसून कोरलेला त्यांचा एकही डाय सोनाराकडून परत आला नाही, आणि हे मी मेहुणी म्हणून नाही, सोनारांनीच सांगितलेलं सांगते.

मग तलासरीला हायवेच्या कडेला तो हॉल झाला. एका गुजराती शेठने गोदामाच्या वरचा मजला घेतला, कोरीवकामाची यंत्रं बसवली आणि आजूबाजूच्या गावांतले चांगले कारागीर पगारावर बोलावले. घरी येणारं काम हळूहळू आटलं, कारण सोनार म्हणायला लागले, की सगळं एकाच छताखाली मिळतं तर आम्ही चिखल्याला कशाला येऊ. भावोजी शेवटपर्यंत टाळत होते. पण ताईचं गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि नुसता वारा खाऊन घर चालत नाही, असं तीच म्हणाली. मी तिथे आधीच कॉम्प्युटरवर डिझाइनं काढायला लागले होते. त्यामुळे भावोजींचा पहिला दिवस मी डोळ्यांनी बघितला.

शेठ माणूस मनाने वाईट नव्हता. मुंबईत असतं तसं ऑफिस आपल्या तलासरीत करायचं, एवढीच त्याची हौस. नव्या प्लायवूडचा आणि गोंदाचा वास डोळ्यांत चुरचुरायचा, यंत्रांतून तेलाची बारीक वाफ उठायची, आणि सगळ्या खिडक्या जाड काचेच्या, कायमच्या बंद, वर काळी फिल्म. डिझाइन बाहेर जाऊ नये, धूळ आत येऊ नये, एसी वाया जाऊ नये. एसी तीच हवा गार करून पुन्हा आमच्याच नाकात सोडायचा. भावोजी आत आले, चहूकडे बघितलं आणि खिशातून काडी काढली. मी डोळे मिटले. धूर काठीसारखा सरळ वर गेला. धूर ओळखणारं यंत्र छताला अगदी त्याच्यावरच होतं, पण ते ढिम्म हललं नाही. पुढे कळलं, ते नुसतं चिकटवलेलं होतं, वायर जोडायची राहून गेली होती. "मेलेली," भावोजी पुटपुटले. तेवढ्यात केबिनमधून शेठ आला, धूर बघून त्याने डोळे मिटून नमस्कार केला आणि गहिवरून म्हणाला, "वाह काका! सारुं कर्युं, छान केलंत! आता रोज सकाळी करायची अगरबत्ती, कंपनीच्या खर्चाने." त्या दिवसापासून त्या बंद हॉलमध्ये सकाळ-संध्याकाळ अगरबत्तीचा जुडगा जळू लागला. आयुष्यभर हवेसाठी भांडलेल्या माणसाच्या हातून आमच्या हॉलमध्ये हवेऐवजी धूर आला, आणि शेठने त्याबद्दल सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं.

दुपारी जेवण झालं की त्या हॉलचं काय व्हायचं ते आत बसल्याशिवाय कळणार नाही. कोणी झोपत नव्हतं, पण कोणी जागंही नसायचं. कपाळ जड, डोळ्यांपुढे गढूळ, साधी बेरीज करायला बोटं लागायची. केलेलं काम पुसून तेच काम मी पुन्हा केलंय आणि ते पुन्हा केल्याचं घरी गेल्यावर आठवलंय. आमच्यातला सगळ्यात तल्लख कारागीर घोलवडचा, ऐन चाळिशीतला, तो एकदा कपाळावर चढवलेलं भिंग टेबलाखाली शोधत होता आणि आम्ही चार जण त्याला मदत करत होतो. भावोजी मधूनमधून उठून खाली जायचे, हायवेच्या कडेला चिंचेखाली उभे राहायचे आणि टवटवीत होऊन यायचे. मग दाराला अंगठ्याचं यंत्र लागलं. प्रत्येक फेरी पगारातून जायला लागली.

भावोजींनी शेठकडे एक खिडकी मागितली. एकच, तीही मागच्या बाजूची, उघडझाप होणारी. शेठ म्हणाला, "काका, एसी छे ने! हवा काय पाहिजे?" भावोजींनी समजावलं, की गार असणं वेगळं आणि ताजं असणं वेगळं, फ्रीजमध्ये माणूस राहत नाही. शेठला ते पटलं असावं, कारण त्याने तज्ज्ञ बोलावला. तज्ज्ञ निघाला वास्तुशास्त्राचा. त्याने होकायंत्र फिरवलं, मागच्या भिंतीवर दोष आहे हे मान्य केलं, आणि तिथे वाहतं पाणी हवं असं सांगितलं. आठवड्याभरात त्या भिंतीवर धबधब्याचा भलामोठा कागद लागला. त्याच्या गोंदाचा वास महिनाभर गेला नाही. भावोजी त्या धबधब्याकडे पाठ करून बसायचे. तेव्हा ते अजून हसत होते.

गणपतीच्या आधी लॉकेटची मोठी ऑर्डर आली. गणपतीचा डाय भावोजींशिवाय कोणाला देणार? त्यांनी तो दुपारीच पुरा केला, मेणावर ठसा घेतला, बघितला आणि पुढे दिला. घोलवडच्या कारागिराने बघितला. तपासनिसाने भिंग लावून बघितला. मी त्या ठशाचा फोटो काढून सोनाराला पाठवला, म्हणजे मीही बघितला. शेठने कपाळाला लावला. सोनाराने फोटो नीट न बघता आमच्यावर भरवसा ठेवून थेट माल काढला, आणि पहिलं लॉकेट त्याच्या बायकोने हातात घेताच विचारलं, "अहो, हा उजव्या सोंडेचा कसा?"

भावोजी उलटं करायला विसरले होते. कागदावर डाव्या सोंडेचा गणपती होता, त्यांनी तो जसाच्या तसा पोलादात उतरवला, आणि दाबल्यावर सोंड उजवीकडे गेली. मोदकसुद्धा दुसऱ्या हातात. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक. त्याचं सोवळंओवळं, त्याचे नियम. तो देव्हाऱ्यात ठेवतानाही लोक चारदा विचार करतात, गळ्यात कोण घालणार? आमच्या किनाऱ्यावर तर एका गिऱ्हाइकाने सोनाराला सरळ विचारलं, की हे घालून मी बोंबील कसे खायचे? सगळा माल वितळवावा लागला. मला मात्र एकच गोष्ट दिसत होती, आणि ती मी ओरडून सांगत होते. त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येक माणसाने तो ठसा बघितला होता आणि एकालाही सोंड दिसली नव्हती. जी बाई त्या हॉलमध्ये बसत नव्हती तिला ती एका नजरेत दिसली. याहून आणखी काय पुरावा हवा?

शेठ रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. त्याने शाल आणि नारळ आणला. त्याच बंद हॉलमध्ये, त्या धबधब्यासमोर खुर्ची मांडून भावोजींचा सत्कार केला आणि म्हणाला, "काका, आता आराम करा. वय कोणाला चुकलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना मनातून सुटल्यासारखं झालं होतं, कारण चूक एका म्हाताऱ्या डोक्यात सापडली होती आणि बाकीची डोकी निर्धास्त झाली होती. मी उठून म्हटलं, "चूक त्यांची नाही, या खोलीची आहे. भावोजी, सांगा ना तुम्ही!" सगळ्या जन्मात हे एकच वाक्य बोलत आलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खांद्यावरची शाल सारखी केली आणि म्हणाले, "खोलीला कशाला बोलायचं? माझंच डोकं चालेनासं झालंय."

मला ते वाक्य अजून सहन होत नाही. जगातल्या प्रत्येक नापास मुलाला, उर्मट कारकुनाला, भांडकुदळ व्याह्याला या माणसाने माफी मिळवून दिली होती. स्वतःची पाळी आली तेव्हा ती त्यांना स्वतःला देता आली नाही. मागे कारणही होतं. त्यांचे वडील शेवटी शेवटी त्यांना पोस्टमन समजायचे आणि पत्र आलं का म्हणून विचारायचे. ती भीती भावोजींनी इतकी वर्षं कोणाला दाखवली नव्हती. शेठचे शब्द बरोबर तिथेच जाऊन बसले. डहाणूच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, की डोकं वयाच्या मानाने उत्तम आहे. मी सोबत गेले होते. डॉक्टरांची खोली कोंदट होती, पंखा बंद, खिडकीला कपाट लावलेलं. भावोजी आतल्या खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी एकदाही मान वर करून इकडेतिकडे बघितलं नाही. डॉक्टर काय म्हणतात ते मी त्यानंतर नीट ऐकलंच नाही.

घरी छिन्न्या बांधून माळ्यावर गेल्या. जुने सोनार दोन-तीनदा काम घेऊन आले, पण भावोजी म्हणाले, नको, माझा भरवसा नाही. कडी लावली का हे ते ताईला दोन-दोनदा विचारायचे. दुकानदाराने परत दिलेले पैसे न मोजताच तिच्या हातात द्यायचे. पडवीत वाऱ्यातच बसायचे, पण पोत्यासारखे, सकाळी ठेवलं तिथे संध्याकाळपर्यंत. ताईने हळूहळू हे सगळं मान्य करून टाकलं. माणूस म्हातारा झाला हे मानणं सोपं असतं, त्यासाठी कोणाशी भांडावं लागत नाही.

या श्रावणात घोलवडच्या कारागिराने कानातल्या मोरांची जोडी कोरली. जोडीतला एक मोर डावीकडे बघतो, एक उजवीकडे. त्याने दोन्ही उजवीकडे बघणारे कोरले, म्हणजे दोन्ही दागिने एकाच कानाचे. पुन्हा सगळ्यांनी बघितले, पुन्हा कोणाला दिसलं नाही. शेठने या वेळी मोबाइलला दोष दिला आणि हॉलमध्ये मोबाइल बंद केले. मी रविवारी सकाळची पहिली गाडी पकडून चिखल्याला गेले. भावोजींसमोर पाटावर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. चाळिशीतला माणूस, तल्लख, आणि तीच चूक, तीच दुपार, तीच खोली. "आता तरी पटलं का?"

भावोजींनी आधी विचारलं, "त्याला काढलं का?"

"नाही. समज दिली."

"बरं झालं. त्याची मुलं लहान आहेत."

"भावोजी, मी काय म्हणते ते ऐका. तुमचं डोकं शाबूत आहे. उद्या ठोकळा घ्या, कोरून बघा."

आतून ताई गुडघा धरत बाहेर आली आणि माझ्यावरच उसळली. "आत्ता कुठे ते शांत झालेत. पुन्हा त्यांच्या डोक्यात हे भरू नकोस. उद्या कोरतील, परत चुकलं तर काय करायचं?"

मी भावोजींकडे बघत राहिले. त्यांनी ताईला आधार देऊन खांबाशी बसवलं. मग म्हणाले, "तिचं बरोबर आहे गं. आधी चुकेन असं कधी मनात यायचं नाही, म्हणून चुकायचो नाही. आता प्रत्येक ठोक्याला येईल. ही काही खोलीतली हवा नाही, खिडकी उघडून जायला."

दुपारी ते मला स्टॉपवर सोडायला आले. समुद्राकडून वारा फिरला होता आणि सुरूच्या बनातून त्याचा आवाज येत होता. डहाणूची बस लांबून दिसायला लागली तेव्हा त्यांनी एकदम माझं मनगट धरलं. इतक्या महिन्यांनी त्यांच्या आवाजात तो जुना हट्ट होता.

"तू अजून तिथेच बसतेस ना? ऐक. जेवण झालं की खाली येत जा. पगार कापू दे. चिंचेखाली उभी राहा, लांब श्वास घे. आणि दुपारी काही चुकलं तर लगेच स्वतःला बोल लावू नकोस. कबूल?"

मी कबूल म्हटलं. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मागे बघितलं तर ते हात वर करून रस्त्यातच उभे होते, आणि ताईने पाठवलेला शेजारी त्यांना हाताला धरून कडेला घेत होता. त्यांनी निमूटपणे हात दिला.